७.२३ ची गाडी

९ एप्रिल १९४०. सकाळी ७ वाजून २३ मिनिटांनी ओस्लोच्या पूर्व स्थानकातून एक खास गाडी उत्तरेकडे सुटली. नॉर्वेचे राजे सातवे हाकोन, युवराज ओलाव्ह, सगळं मंत्रिमंडळ आणि स्टोर्टिंगचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, बहुतेक सदस्य त्या गाडीत होते. गाडीची व्यवस्था संसदेचे अध्यक्ष सी. जे. हाम्ब्रो यांनी केली होती. राष्ट्रीय बँकेतलं सुमारे ५० टन सोनं त्याच दिवशी ट्रकमध्ये भरून लिलहामरकडे रवाना झालं.

खरं तर एवढी उसंत त्यांना मिळायलाच नको होती. जर्मनीचा बेत पहाटेच ओस्लो बंदरात उतरून राजाला आणि मंत्र्यांना बिछान्यातच गाठण्याचा होता. त्यासाठीची फौज घेऊन ‘ब्ल्यूखर’ ही नवीकोरी युद्धनौका अंधारात ओस्लोच्या खाडीत शिरली. खाडी जिथे अगदी चिंचोळी होते तिथे ओस्कार्सबोर्गचा जुना किल्ला आहे. तिथल्या मोठ्या तोफा १८९३ सालच्या, आणि त्याही जर्मनीच्याच क्रुप कारखान्यात ओतलेल्या. गोलंदाजांमध्ये कोवळे रंगरूट, पाणतीर जवळपास चाळीस वर्षं जुने. समोरून येणारी नौका कोणाची, हे किल्लेदार कर्नल बिर्गर एरिक्सन यांना खात्रीने माहीत नव्हतं आणि वरून हुकूमही आला नव्हता. तरी चार वाजून एकवीस मिनिटांनी त्यांनी तोफ डागायला सांगितलं. पुन्हा दारूगोळा भरायला वेळच नव्हता, त्यामुळे मोठ्या तोफांतून दोनच गोळे सुटले. दोन्ही लागले. मागोमाग पाणतीर सुटले आणि ‘ब्ल्यूखर’ शेकडो सैनिकांसह बुडाली. मागच्या नौका वळल्या. ओस्लो त्या दिवशी पडलंच, पण ते दुपारी, विमानतळावर उतरलेल्या फौजेच्या हाती. मधले काही तास मिळाले ते एरिक्सन यांच्यामुळे.

सरकारचं त्या रात्रीचं कर्तृत्व मात्र सांगण्यासारखं नाही. शत्रू दारात असताना त्यांनी सैन्याची अर्धवट जमवाजमव जाहीर केली, आणि तीसुद्धा टपालाने! घरोघर पत्रं पोहोचेपर्यंत जर्मन फौज थांबणार होती, असं त्यांना वाटलं की काय, कोण जाणे.

पण गाडीत बसण्याचा निर्णय योग्य होता. जर्मनीला ओस्लो शहराइतकीच राजाची सही हवी होती. कोपनहेगनमध्ये त्याच सकाळी काही तासांत काम झालं. तिथे गादीवर हाकोन यांचे सख्खे थोरले भाऊ दहावे क्रिस्टियान होते. ते राजधानीतच थांबले आणि डेन्मार्कने प्रतिकार सोडला. ओस्लोत मात्र सही करायला कोणी उरलंच नव्हतं. संध्याकाळी नॉर्वेतल्या नाझीधार्जिण्या पक्षाचा नेता विड्कुन क्विसलिंग याने रेडिओ केंद्रात शिरून स्वतःला सरकारप्रमुख जाहीर केलं. त्याला नेमलं होतं कोणी? कोणीच नाही.

संसद आधी हामार गावी भरली आणि जर्मन येत असल्याची खबर लागताच तिथून एल्वरुमला निघाली. तिथल्या एका शाळेत त्या रात्री ठरलं, की संसद पुन्हा भरेपर्यंत देशाच्या हितासाठी लागतील ते निर्णय सरकारने घ्यावेत, गरज पडल्यास परदेशातूनही. मतं मोजली गेली नाहीत. कोणी विरोधात बोललं नाही, म्हणून ठराव संमत झाल्याचं धरलं गेलं. कायदेपंडित या ठरावावर पुढे खूप भांडले.

दुसऱ्या दिवशी जर्मन राजदूत कुर्ट ब्रॉयर राजाला शोधत एल्वरुमला आले. क्विसलिंगला पंतप्रधान नेमा, ही त्यांची मागणी. हाकोन मूळचे डॅनिश राजपुत्र, १९०५ साली नॉर्वेच्या जनतेने मतदान करून त्यांना राजा केलं होतं. त्यांनी मंत्रिमंडळाला सांगितलं, मी ही नेमणूक करू शकत नाही, तुम्हाला ती करावीशी वाटत असेल तर मी राज्यत्याग करतो. मंत्रिमंडळ राजाच्या बाजूने उभं राहिलं. ११ तारखेला विमानांनी एल्वरुम आणि निबर्गसुंडवर बॉम्ब टाकले. राजा आणि युवराज बर्फातून जंगलात पळाले.

पुढे जवळपास दोन महिने अशीच फरफट झाली. मोल्देहून ब्रिटिश युद्धनौकेने त्रोम्सो, आणि ७ जूनला तिथून इंग्लंड.

लंडनमधलं हे परागंदा सरकार कोणाच्या दयेवर जगलं नाही, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नॉर्वेचा व्यापारी ताफा जगातल्या मोठ्या ताफ्यांपैकी एक, हजारावर जहाजांचा. एप्रिलमध्येच, अजून देशात लपतछपत फिरत असताना, सरकारने वटहुकूम काढून तो ताब्यात घेतला होता. ओस्लोच्या रेडिओवरून जहाजांना जर्मनीच्या सोयीच्या बंदरांत जायचे आदेश सुटत होते, पण परदेशांतल्या कप्तानांनी ते मानले नाहीत. हीच जहाजं दोस्तांसाठी तेल आणि धान्य वाहत राहिली, आणि त्यांच्या भाड्यावर सरकारचा खर्च चालला. त्यातली निम्म्याच्या आसपास जहाजं समुद्राच्या तळाशी गेली. खलाशांनी मोजलेली किंमत मंत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होती.

मागे राहिलेल्यांचंही ऐकायला हवं. त्या उन्हाळ्यात ओस्लोमधल्या संसदेच्या अध्यक्षमंडळाने जर्मन दडपणाखाली राजाला राज्यत्याग करण्याची विनंती केली. हाकोन यांनी लंडनहून नकार दिला. तो नकार बीबीसीवरून देशभर पोहोचला आणि त्यांचं ‘एच ७’ हे चिन्ह भिंतींवर उमटू लागलं.

७ जून १९४५ ला राजा ओस्लोत परतला. लंडनच्या वटहुकमांच्या आधारे देशद्रोह्यांवर खटले चालले आणि ऑक्टोबरात क्विसलिंगला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी नेमलेल्या चौकशी आयोगाने खुद्द सरकारलाही सोडलं नाही. ९ एप्रिलपूर्वीची बेफिकिरी आणि त्या रात्रीची जमवाजमव, दोन्हींसाठी ठपका ठेवला.