गणित राहिलं

५ मे २०२५, दुपारी एक वाजता बारावीचा निकाल लागला आणि एक वाजून बारा मिनिटांनी माझ्या भाचीचा फोन आला. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "मावशी, गणित राहिलं."

पडद्यावर गणितापुढे ०२४ असा आकडा होता. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, म्हणजे अकरा गुण कमी. इंग्रजी, मराठी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हे पाचही विषय सुटले होते. संध्याकाळपर्यंत घरात मात्र एकच शब्द फिरत राहिला: नापास. पुढचे दोन-अडीच महिने मी तिच्या सोबत फॉर्म भरले, तारखा पाहिल्या, महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाचे नियम वाचले. एका विषयामागे केवढी यंत्रणा हलते हे तेव्हा कळलं, आणि अजूनही त्याचं नवल वाटतं.

आधी शब्दाकडेच बघा. 'नापास'मधला 'ना' फारसी, नाराज आणि नापसंतमधला. 'पास' इंग्रजी. अव्वल इंग्रजीतल्या परीक्षांनी आपल्याला दिलेला हा जोडशब्द. गुणपत्रिकेच्या भाषेतला 'अनुत्तीर्ण' मात्र फार जुन्या घरचा आहे. त्याच्या मुळाशी 'तॄ' हा धातू, म्हणजे पाणी ओलांडून जाणं. तरणे, तारणे, तारू, तीर्थ ही सगळी त्याचीच भावंडं. उत्तीर्ण म्हणजे नदी ओलांडून पलीकडे निघालेला. अनुत्तीर्ण म्हणजे अजून पाण्यात असलेला. आणि पोरं म्हणतात "विषय राहिला", "विषय सुटला". मला तरी सगळ्यात नेमकं बोलणं पोरांचंच वाटतं. काहीतरी करायचं राहून गेलंय, इतकाच त्याचा अर्थ.

पण राहिलं म्हणजे नेमकं काय राहिलं?

ते कळायला उत्तरपत्रिका बघावी लागते, आणि ती बघता येते हेच पुष्कळ घरांत ठाऊक नसतं. २०२५ साली एका विषयाच्या छायाप्रतीला ४०० रुपये पडत होते. नुसती गुणपडताळणी हवी तर ५० रुपये. त्यात बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच पाहतात. उत्तर पुन्हा तपासून हवं असेल तर पुनर्मूल्यांकन, ३०० रुपये. त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती हातात आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. निकालानंतरचे पहिले दिवस घरात तोंड पाडून बसण्यात जातात आणि मुदत निघून जाते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

ही उत्तरपत्रिका किती फिरून आलेली असते! परीक्षेच्या दिवशी तिच्यावर बारकोड लागतो, पुरवण्या दोऱ्याने बांधल्या जातात, बैठक क्रमांकावर होलोक्राफ्टचं स्टिकर बसतं. तिथून पुढे तिला नाव नसतं. गठ्ठ्यात बांधून ती कुठल्या तरी गावच्या परीक्षकाकडे जाते. रोजचे तास सांभाळून पेपर तपासणारा तो एक शिक्षक. त्याच्या गठ्ठ्यातल्या काही पत्रिका नियामक पुन्हा बघतो, त्यावर मुख्य नियामक. ही मुलगी कोणाची, कुठली, मागच्या परीक्षेत किती हुशार होती, यातलं कुणालाच काही माहीत नसतं. सगळं आटोपल्यावर बारकोड पुन्हा क्रमांकाशी जुळतो आणि गुण ज्याचे त्याच्याकडे पोहोचतात. त्या वर्षी १४ लाख १७ हजार ९६९ नियमित विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली. प्रत्येकाचे सहा-सहा पेपर धरा, म्हणजे पाऊण कोटीहून जास्त उत्तरपत्रिका या वाटेने गेल्या.

भाचीची छायाप्रत ई-मेलने आली. आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती पानापानाने बघत होतो. समासात गोल केलेले छोटे आकडे. एका चार गुणांच्या उदाहरणात तिने पहिल्या तीन पायऱ्या बरोबर लिहिल्या होत्या, चौथ्या ओळीत कंसाबाहेरचं उणे चिन्ह आत येताना हरवलं आणि तिथून उत्तर भरकटलं. परीक्षकाने त्या चिन्हावर गोल काढला होता आणि दोन गुण दिले होते. त्या अनोळखी माणसाने तिच्या ओळी एकेक करून वाचल्या होत्या. हे बघून ती पहिल्यांदा मोकळं बोलली, "म्हणजे माझं हे बरोबर होतं?"

मग खरी गोष्ट दिसली. शेवटचा विभाग चार-चार गुणांचा, आठांतली पाच उदाहरणं सोडवायची. तिथे तिने एकच धरलं होतं, बाकी पानं कोरी. त्याच्या आधीच्या तीन-तीन गुणांच्या विभागातही समाकलन आलं की जागा सोडलेली. सदिश आणि तर्कशास्त्रात तिला गुण होते. घरात चार दिवस "हिचं गणित कच्चं" म्हणून जे चाललं होतं, ते खरं म्हणजे समाकलन आणि अवकल समीकरणं एवढं होतं. पुस्तकातली मोजकी प्रकरणं! केवढ्याशा गोष्टीला आपण केवढं मोठं नाव दिलं होतं.

थोडक्यासाठी हुकलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या सवलतीचं वय मात्र ऐकण्यासारखं आहे. कलकत्ता विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली बी.ए.ची परीक्षा झाली. नियमाने पाहिलं तर एकही विद्यार्थी उत्तीर्ण नव्हता. दोघांनी मात्र सहापैकी पाच विषय चांगले सोडवले होते आणि सहाव्यात त्यांना जास्तीत जास्त सात गुण कमी पडत होते. विद्यापीठाने खास कृपा म्हणून त्यांना दुसऱ्या वर्गात पदवी दिली. एकाचं नाव जदुनाथ बोस. दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय, 'वंदे मातरम्'चे कवी. त्या विद्यापीठाच्या पहिल्या दोन्ही पदवीधरांचा एकेक विषय राहिला होता!

भाचीला अकरा गुण हवे होते, ते कृपेच्या पलीकडचे. तिच्यासाठी दुसरी सोय होती, आणि मला सगळ्यात जास्त नवल तिचंच वाटतं. तिचं नाव सूट. जे पाच विषय सुटले ते सुटले, त्यांचे पेपर पुन्हा द्यायचे नाहीत. मंडळ ते गुण जपून ठेवतं आणि विद्यार्थ्याने फक्त राहिलेला विषय घेऊन यायचं. फेब्रुवारीत इंग्रजीच्या पेपरला झिजवलेलं पेन फुकट जात नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तर ही साठवण आणखी ऐसपैस आहे. तिथे पाच वर्षांत नऊ संधी असतात आणि एकेक विषय सोडवत प्रमाणपत्र पुरं करता येतं.

आमच्या वेळी नापासांची परीक्षा ऑक्टोबरात असायची. "ऑक्टोबरला बसला" म्हटलं की गल्लीला कळायचं. तिचा निकाल येईपर्यंत कॉलेजांचे प्रवेश संपून पहिलं सत्र उरकलेलं असायचं. एका विषयाने अख्खं वर्ष खाल्लं, ते असं. आता पुरवणी परीक्षा पावसाळ्याच्या तोंडावर होते. २०२५ साली बारावीची २४ जूनला सुरू झाली आणि जुलै संपायच्या आत निकालही लागला. प्रवेशाची दारं तेव्हा अजून थोडी किलकिली असतात. तारखा तीन-चार महिने अलीकडे ओढणं कागदावर किरकोळ दिसतं, पण गेल्या काही वर्षांत या पोरांसाठी याहून मोठं काही झालं असेल असं मला वाटत नाही.

बारावीला ही घाई लागते, कारण इथलं दार पक्कं आहे. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. पदवीच्या वर्गातही केटी घेऊन पुढच्या वर्षात जाता येतं. बारावी आणि पदवी यांच्या मध्ये मात्र अशी फट नाही. राहिलेला विषय सुटल्याशिवाय पदवीच्या वर्गात पाऊल ठेवता येत नाही.

आता काळजीचा आकडा. २०२५ च्या मुख्य परीक्षेत नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ९१.८८ टक्के होता, तर पुनर्परीक्षार्थींचा ३७.६५ टक्के. ४२ हजार २४ जण पुन्हा बसले आणि त्यांतले १५ हजार ८२३ सुटले. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. नीट विचार केल्यावर त्यातलं थोडं उलगडलं. पहिल्यांदा बसणारा सगळे विषय घेऊन येतो, सोपेही आणि अवघडही. पुन्हा बसणाऱ्याच्या पुढ्यात असतो तो त्याला सगळ्यात जड गेलेला विषय. आणि तो एकटा असतो. वर्ग संपलेला, बाकावरचा सोबती दुसऱ्या गावी, क्लासचा व्हॉट्सअॅप ग्रुप गप्प. अभ्यासाइतकीच या मुलांना सोबत लागते. त्या वर्षी एकट्या मुख्य परीक्षेत अशी १ लाख १५ हजार ९६ नियमित मुलं मागे राहिली. त्यांच्यातल्या किती जणांना कुणी छायाप्रत मागवून दिली असेल, असं सारखं मनात येतं.

भाचीला सोबत मिळाली ती शेजारच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षकांची. त्यांनी छायाप्रत पाहिली, कोरी पानं मोजली आणि पहिले पंधरा दिवस समाकलनाखेरीज काही घेतलं नाही. रोज दहा उदाहरणं, आणि प्रत्येक उणे चिन्हाभोवती पेन्सिलीने गोल.

गणिताच्या पेपरला मी तिला केंद्रावर सोडायला गेले. पाऊस होता. फाटकाशी तिच्या मागे उभा असलेला मुलगा गणितात ७८ गुण मिळवलेला. श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसायला आला होता. उत्तीर्ण झालेल्यांनाही तशी संधी असते. दोघांचा हॉल एक, पेपरही एकच. आत जाईपर्यंत तो तिला अवकल समीकरणातलं काहीतरी विचारत होता आणि ती छत्री मानेत धरून तळहातावर बोटाने लिहून दाखवत होती.

निकालाच्या दिवशी पुन्हा एक वाजून काही मिनिटांनी फोन आला. "मावशी, गणित सुटलं." किती पडले ते सांगायचं ती विसरली आणि मीही विचारलं नाही.