बंगळूरच्या गारव्यातले ऊन

बंगळूरच्या लालबागेत प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने, असे वर्षातून दोनदा फुलांचे प्रदर्शन भरते, आणि राष्ट्रीय सणांचा मान राखता राखता त्यात प्रेक्षकांच्या सुखाचाही विचार आपोआप झाला आहे, कारण जानेवारी आणि ऑगस्ट हे दोन्ही महिने या शहरात हवेच्या दृष्टीने आल्हाददायक असतात. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर १८८९ साली उभारलेल्या तेथील काचघराभोवती ऑगस्टातल्या एखाद्या उघडिपीच्या दिवशी दोन-तीन तास रांगेत काढून घरी परतलेल्या माणसाच्या मानेला आणि कपाळाला संध्याकाळी हुळहुळ सुटते, आणि तो त्या हुळहुळीचे खापर धुळीवर, गर्दीवर, फार तर नव्या साबणावर फोडतो. उन्हाचा संशय त्याच्या मनाला शिवतही नाही, कारण दिवसभरात त्याला घाम असा आलेलाच नसतो. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की स्वातंत्र्यदिनानंतर अवघ्या तीन दिवसांनी, म्हणजे १८ ऑगस्टच्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्य बंगळूरच्या बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लुप्त होते.

हा योग वर्षातून दोनदा येतो. बंगळूर सुमारे तेरा उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे उत्तरायणातील सूर्य २४ एप्रिलच्या सुमारास या शहरावरून उत्तरेकडे जातो आणि परतीच्या वाटेवर ऑगस्टात पुन्हा त्यावरून जातो. कोरमंगल येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेने हा ‘शून्य सावलीचा दिवस’ शाळकरी मुलांपर्यंत पोहोचविण्याचे काम मोठ्या हौसेने केले आहे. पुण्यात हेच दोन दिवस मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस पडतात. एप्रिल व ऑगस्टातील दोन तारखांच्या दरम्यान बंगळूरचा मध्यान्हसूर्य चक्क उत्तरेकडे असतो, सावल्या दक्षिणेस पडतात, आणि ज्या उत्तराभिमुख ओसरीला घरमालक वर्षभर सावलीची म्हणून मिरवतो तिच्यात जून महिन्यात ऊन शिरते. एप्रिलच्या योगाची दखल सगळेच घेतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण त्या वेळी तापमापकही सूर्याच्या बाजूने साक्ष देतो. २०१६ सालच्या २४ एप्रिलला, नेमक्या त्याच तारखेला, शहराने ३९.२ अंश सेल्सिअस इतक्या तापमानाची नोंद करून आपला उच्चांक मोडला होता. ऑगस्टच्या योगाच्या वेळी मात्र पारा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपाशी रेंगाळत असतो, आणि सूर्य तोच, उंची तीच, असे असूनही लोक त्याला निरुपद्रवी समजतात.

हिवाळ्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. २१ डिसेंबरला, वर्षातील सर्वांत लहान दिवशी, बंगळूरचा मध्यान्हसूर्य क्षितिजापासून साडेत्रेपन्न अंशांवर असतो, तर लंडनमध्ये तो भर उन्हाळ्यात, २१ जूनला, जास्तीत जास्त बासष्ट अंशांपर्यंत चढतो. हिशेब मांडून पाहिला तर असे दिसते की नोव्हेंबरचा पहिला आठवडा आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा यांच्या दरम्यानचे तीन महिने सोडले, तर उरलेल्या नऊ महिन्यांत बंगळूरचा दुपारचा सूर्य लंडनच्या सर्वांत प्रखर सूर्याहूनही उंच असतो. आरोग्यविषयक पुस्तकांतून आणि मलमांच्या डब्यांवरून जो ‘उन्हाळ्यात काळजी घ्या’ असा इशारा आपल्यापर्यंत येतो, तो समशीतोष्ण मुलखात तयार झालेला आहे, जेथे उन्हाळा आणि उंच सूर्य या दोन गोष्टी खरोखरच एकत्र नांदतात. तो जसाच्या तसा दक्षिण हिंदुस्थानात आणून राबविणे म्हणजे परक्या मुलखातील पंचांगावर आपली पेरणी ठरविण्यासारखे आहे.

घोटाळ्याचे मूळ असे की उष्णता देणारे किरण आणि कातडी भाजणारे किरण हे एकच आहेत अशी आपल्या अनुभवाने आपली पक्की समजूत करून दिलेली आहे. विल्यम हर्शेल याने १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील तांबड्या रंगापलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही तेथे, तापमापक ठेवून उष्णता शोधली. लागलीच पुढल्या वर्षी जर्मनीतील येना येथे योहान रिटर याने जांभळ्या टोकापलीकडच्या तितक्याच अदृश्य प्रदेशात चांदीचा क्षार झपाट्याने काळवंडताना पाहिला. पहिले ते अवरक्त किरण, दुसरे ते अतिनील. मात्र त्वचेचा दाह या दोहोंपैकी कोणाच्या पदरात टाकायचा हा निवाडा व्हायला पुढे बराच काळ जावा लागला. १८५८ साली शार्को या फ्रेंच वैद्यकवेत्त्याने विजेच्या प्रखर ज्योतीजवळ काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर उन्हाने यावी तशी लाली आलेली नोंदविली, आणि १८८९ साली स्वीडनमधील विडमार्क याने प्रयोगांती दाखवून दिले की हा प्रताप उष्णतेचा नसून अतिनील किरणांचा आहे. त्या किरणांतही २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जो अल्पसा हिस्सा जमिनीपर्यंत पोहोचतो, तोच दाहाचा मुख्य कर्ता होय. तो पेशींच्या केंद्रकातील डीएनए या रेणूच्या शेजारशेजारच्या घटकांना नको तेथे जोडून टाकतो, शरीर त्या बिघाडाची दखल घेऊन रक्तवाहिन्या रुंदावते, आणि तीन-चार तासांनंतर सुरू झालेली लाली व आग बारा ते चोवीस तासांत कळसास पोहोचते. उष्णतेचा चटका तत्क्षणी कळतो आणि माणूस बाजूला सरकतो. अतिनील किरणांचे देणे मात्र संध्याकाळी वसूल होते, आणि तोवर गुन्हेगार मावळलेला असतो.

हे किरण जमिनीवर किती उतरतात हे सूर्याच्या उंचीइतकेच डोक्यावरील ओझोनवर अवलंबून असते, आणि या बाबतीत उष्ण कटिबंधाच्या वाट्याला थोडा अन्यायच आला आहे. ओझोन प्रामुख्याने निर्माण होतो तो विषुववृत्ताच्या आसपासच्या उच्च वातावरणात, तेथील तीव्र सूर्यप्रकाशामुळे. परंतु वरच्या थरांतील संथ वाहते प्रवाह त्याला ध्रुवांकडे वाहून नेतात, आणि कोकणातला उत्तम आंबा पेट्यांत भरून बाहेरगावी जावा व बागाईतदाराच्या घरी गळकाच उरावा तशी उत्पादक प्रदेशाची अवस्था होते. ऑक्सफर्डच्या डॉब्सन याने १९२८ साली आपली ओझोन मोजण्याची यंत्रे जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत पाठविली तेव्हा त्यांतील एक कोडाईकनालच्या वेधशाळेत आले, आणि दक्षिण भारतावरील ओझोनचे छत्र युरोपाच्या मानाने विरळ असते ही गोष्ट मोजमापाच्या दप्तरात रुजू झाली. तेथील ओझोन एकत्र करून समुद्रसपाटीच्या दाबाखाली अंथरला तर जेमतेम अडीच मिलिमीटरचा थर होईल. उत्तर युरोपात वसंत ऋतूत तो साडेतीन-चार मिलिमीटरपर्यंत जातो.

या विषयात पुण्याचा आणि बंगळूरचा वाटा मराठी वाचकाला ठाऊक असावा असा आहे. पुण्याच्या हवामान खात्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली ते के. आर. रामनाथन पुढे आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्ष झाले, त्यांनी आर. व्ही. करंदीकर यांच्यासमवेत १९४९ साली धूळ आणि धुरकट हवा यांमुळे डॉब्सन यंत्राच्या वाचनात कसा फरक पडतो याचा निबंध प्रसिद्ध केला, आणि धुळीच्या देशात यंत्राची साक्ष कितपत ग्राह्य मानावी हा व्यावहारिक प्रश्न ऐरणीवर आणला. त्याच पुणेरी परंपरेतील अण्णा मणी यांनी तारुण्यात बंगळूरला भौतिकशास्त्रज्ञ रामन यांच्या हाताखाली हिऱ्यामाणकांच्या प्रकाशगुणांचा अभ्यास केला होता. १९४८ साली हवामान खात्यात रुजू झाल्यावर त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणारी ठाणी उभी केली, साठच्या दशकात फुग्याला बांधून सोडता येईल असे स्वदेशी ओझोनमापक यंत्र सिद्ध केले, आणि १९७६ साली निवृत्त झाल्यावर पुन्हा बंगळूरला येऊन, रामन संशोधन संस्थेत बसून, भारतावर पडणाऱ्या उन्हाचा तपशीलवार आकडेवारीचा ग्रंथ तयार केला, जो १९८० साली प्रसिद्ध झाला. सौरऊर्जेचे अभियंते त्या ग्रंथाचे उपकार मानतात. त्वचेच्या वैद्यांनीही मानायला हरकत नाही.

ओझोनच्या या विरळपणात बंगळूरच्या बाबतीत आणखी दोन कारणांची भर पडते. पहिले उंचीचे. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे, आणि उंचीच्या दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. म्हणजे ज्या उंचीमुळे येथील हवा गार राहते तीच उंची येथील ऊन अधिक दाहक करते, आणि नंदीच्या डोंगरावर, जेथे लोक हिवाळ्यात पहाटेचे धुके पाहायला म्हणून जातात आणि दुपारपर्यंत रेंगाळतात, हा हिशेब आणखी थोडा वाढतो. दुसरे कारण एकट्या बंगळूरचे नव्हे, पण हिवाळ्याविषयीची आपली समजूत उलटी करणारे आहे: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्या वेळचे प्रारण जुलैच्या मानाने सुमारे सात टक्क्यांनी अधिक असते.

१९९० नंतरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी या किरणांसाठी एक निर्देशांक प्रचारात आणला. त्याचा आकडा ३ झाला की टोपी, छत्री, बाह्यांचा विचार करावा, ८ ते १० असेल तर तीव्रता फार मानावी, आणि ११ पासून पुढे ती पराकोटीची समजावी, असा त्याचा शिरस्ता आहे. बंगळूरला डिसेंबरातल्या निरभ्र दुपारी हा आकडा आठाच्या आसपास जातो; फेब्रुवारीत, ज्या महिन्यात येलहंका येथील हवाई तळावर विमानांचे प्रदर्शन भरते आणि हजारो माणसे उघड्या मैदानात मान वर करून तासन्तास उभी असतात, तो दहाच्या घरात पोहोचतो; आणि ऑगस्टात ढग बाजूला झाले की बाराच्याही पुढे. ढगांचे संरक्षण तर बेभरवशाचेच. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग गाळून खाली येतो, आणि पांढऱ्याशुभ्र तुटक ढगांच्या कडांवरून परावर्तन होऊन काही क्षण तो निरभ्र आकाशापेक्षाही वाढू शकतो. शिवाय निळ्या आकाशातूनच हे किरण चहूबाजूंनी विखुरलेले येत असल्यामुळे विरळ झाडाची सावली डोळ्याला जितकी गडद वाटते तितकी ती त्यांच्यापुरती नसते. ऑगस्टात बंगळूरकराच्या हाती छत्री असते ती पावसासाठी. उघडीप झाली की तो ती मिटवतो.

येथे कोणी म्हणेल की ही सारी चिंता गोऱ्या कातडीची आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही: गडद त्वचेतील मेलॅनिन फिकट त्वचेच्या कित्येक पट संरक्षण देते, आणि आपल्याकडे त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांच्या तुलनेने पुष्कळच कमी आहे. परंतु संरक्षण अधिक म्हणजे अमर्याद नव्हे. निर्देशांक आठ असताना मध्यम सावळ्या त्वचेला दाहाच्या उंबरठ्यापर्यंत न्यायला अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि सावळ्या रंगात लाली उठून दिसत नसल्यामुळे त्याची नोंद होते ती हुळहुळ, कोरडेपणा, आठवड्याने निघणारी साल आणि महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग या रूपाने. डोळ्याला तर मेलॅनिनचे कवच कातडीइतके लाभत नाही. मोतीबिंदूच्या कारणांत या किरणांची गणना होते. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, रस्ते झाडणारी पौरकर्मिक बाई, दुचाकीवरून घरोघरी जेवण पोहोचविणारा तरुण यांना हा हिशेब रोज लागू आहे, आणि उष्म्याच्या सरकारी सूचना मेअखेर संपल्या तरी तो संपत नाही. गोरेपणाची मलमे विकणाऱ्यांनी उन्हाचा प्रश्न रूपाच्या खाती जमा केला, ही मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत खेदाची गोष्ट वाटते, कारण त्यामुळे ज्याला रूपाची पर्वा करायला फुरसत नाही त्याला आपला या विषयाशी संबंधच नाही असे वाटू लागले.

कचेरीच्या काचेआड बसणाऱ्यांना दाहाचे भय नाही, कारण साधी काच दाहक किरण अडविते. अधिक लांब तरंगांचे अतिनील किरण मात्र तिच्यातून आत येतात, आणि बाह्यवळण रस्त्यावर रोज मोटार चालविणाऱ्याचा खिडकीकडचा उजवा हात डाव्याहून अधिक रापलेला असतो तो त्यामुळे. ड जीवनसत्त्वासाठी कोवळे ऊन घेण्याचा सल्ला प्रसिद्धच आहे. ते जीवनसत्त्व ज्या किरणांनी बनते तेच किरण कातडीही भाजतात, म्हणून थोडा वेळ पुरे.

उपाय सांगायला निर्देशांकाचीही गरज नाही. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर चढला असे समजावे आणि डोके, मान व हात झाकावेत. भारतीय प्रमाणवेळ बंगळूरच्या स्थानिक वेळेपेक्षा वीस मिनिटे पुढे असल्याने येथे मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर होते, आणि या नियमाने झाकून घेण्याची मुदत डिसेंबरच्या अखेरीस साडेदहा ते सव्वादोन, तर ऑगस्टात सव्वानऊ ते साडेतीन अशी पडते. शाळांच्या क्रीडास्पर्धा हिवाळ्यात ठेवतात त्या मुलांना ऊन लागू नये म्हणून. त्या सकाळी आठला सुरू करून दहाच्या आत आटोपल्या, किंवा दुपारी तीननंतर घेतल्या, तर तो हेतू सफल होईल, आणि पाहुण्यांच्या भाषणांनाही आपोआप कात्री लागेल.