नदी, उतार आणि चर्च : एका द्राक्षग्रामाचा परिसरपाठ

परिसर-अभ्यास म्हणजे गावची पिके, ओढे व देवळे यांची यादी मुलांकडून घोकून घेणे नव्हे. या गोष्टी परस्परांशी कोणत्या कारणाने जोडलेल्या आहेत, हे मुलांस शोधावयास लावणे हाच त्या विषयाचा गाभा होय. याचे एक बोलके उदाहरण शिक्षकबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे.

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात एल्ब नदीच्या उजव्या तीरावर पिल्निट्झ नावाचे गाव आहे. १९५० साली ते ड्रेस्डेन शहरात समाविष्ट झाले. तथापि त्याचे ग्रामीण रूप आजही टिकून आहे. हा प्रदेश ५१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे द्राक्षवेलीच्या दृष्टीने थंडच. मग येथे द्राक्षे कशी पिकली? उत्तर टेकडीच्या उतारात आहे. दक्षिणेकडे व नैऋत्येकडे तोंड असलेल्या उतारावर सूर्यकिरण अधिक सरळ पडतात. दगडी बांध दिवसा तापतात व रात्री ती ऊब हळूहळू सोडतात. जड, थंड हवा खाली दरीकडे ओघळून जाते.

याच मळ्यात एक टुमदार चर्च उभे आहे. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने आपल्या प्रासादाच्या विस्तारासाठी जुने चर्च पाडविले व त्याऐवजी १७२३ ते १७२५ या काळात हे नवे बांधविले. त्याचा वास्तुकार प्योपेलमान हा होता. जवळच्या होस्टरविट्झ येथील चर्च मात्र अगदी नदीकाठी आहे. ते नावाड्यांचे प्रार्थनास्थळ. मळेकऱ्यांचे चर्च मळ्यात आणि नावाड्यांचे पाण्याशेजारी! कोणाचे पोट कशावर चालत असे, हे केवळ जागा पाहून समजते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या सुखी चित्रावर संकट आले. उत्तर अमेरिकेतून युरोपात पोहोचलेली फायलोक्सेरा ही सूक्ष्म कीड वेलीच्या मुळांतील रस शोषते. १८८७ साली ती ड्रेस्डेनजवळच्या मळ्यांत आढळली आणि तेथील द्राक्षशेती जवळजवळ संपुष्टात आली. पुढे उपाय सापडला तो कलमाचा : किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेल बांधावयाची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिल्निट्झच्या उतारावर पुन्हा वेली लागल्या. पडझड झालेल्या मळ्यातील चर्चचीही १९९० नंतर लोकांनी पुढाकार घेऊन डागडुजी केली.

आपल्या नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदारही वेल डॉग्रिजसारख्या अमेरिकन खुंटावर बांधतात. येथे मुख्य कारण क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई हे आहे. उपाय एकच, अडचण निराळी. शक्य तेथे शिक्षकांनी मुलांस बागेत नेऊन कलमाची गाठ प्रत्यक्ष दाखवावी.

पिल्निट्झच्या प्रासादावर निरनिराळ्या महापुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. २००२ च्या ऑगस्टमध्ये ड्रेस्डेन येथे एल्बची पातळी ९.४० मीटरपर्यंत चढली होती. आपल्याही गावी घाटाच्या पायरीवर किंवा एखाद्या वृद्धाच्या स्मरणात अशी पूररेषा असेल. मुलांनी ती शोधावी, वर्ष विचारावे व वहीत नोंदवावे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम झाले पाहिजे. नंतर तो पाठ शिकविणारे कोणी उरणार नाही.