फ्लॉवरमधली अळी निर्दोष आहे

थंडी सुरू झाली की मंडईत फ्लॉवरचे पांढरेशुभ्र गड्डे स्वस्त होतात आणि आमच्या ओपीडीत एक प्रश्न हटकून येतो. ‘‘डॉक्टर, फ्लॉवर खाल्ला की डोक्यात किडा जातो म्हणतात, खरं का?’’ विचारणारे बहुधा पहिल्यांदाच फिट आलेल्या मुलाचे आईवडील असतात. हातात एमआरआयचा रिपोर्ट, त्यावर ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’ असा जिभेला न पेलणारा शब्द. ‘‘आम्ही तर माळकरी, अंडंसुद्धा खात नाही. मग हे आलं कुठून?’’ फ्लॉवरमधूनच, असा निकाल घरात आधीच लागलेला असतो.

फ्लॉवरच्या तुऱ्यांत दडलेली हिरवी अळी ही एका पतंगाची अळी. ती आपल्या पोटात जगत नाही, मेंदूत तर नाहीच. शिजून पोटात गेलीच तर किळस येईल, आजार होणार नाही. मेंदूत गाठ करतो तो डुकराच्या मांसातून माणसाला होणारा पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म. हा कृमी ज्याच्या आतड्यात असतो, त्याच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात. ती दुसऱ्या कुणाच्या किंवा त्याच्या स्वतःच्या तोंडात गेली, तर त्यांतून निघालेले भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि मेंदूत जाऊन बसतात. म्हणजे ही गाठ होण्यासाठी मांस खावं लागत नाही. मैलामिश्रित पाण्यावर वाढलेली भाजी कच्ची खाल्ली, किंवा पोटात कृमी असलेल्या माणसाने शौचाहून येऊन हात न धुता कणीक मळून पोळ्यांऐवजी कोशिंबीर वाढली, तरी पुरे. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ती अळी, म्हणून आळ तिच्यावर.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं, की फ्लॉवर बंद केला म्हणजे उपचार झाला असं समजून फिटच्या गोळ्याही बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. मग तीन महिन्यांनी पुन्हा फिट, कधी विहिरीच्या काठावर, कधी चुलीजवळ. गोळ्या डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवायच्या. आणि मेडिकलमधून जंताचं औषध आणून मनाने कोर्स सुरू करायचा नाही. गाठ मरताना तिच्याभोवती सूज येते, फिट वाढू शकतात. म्हणून ते औषध देताना सोबत स्टिरॉइड द्यावं लागतं.

आता फ्लॉवर. ही भाजी आपल्याकडे १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत आली असं सांगतात. मोगलाई मुर्ग मुसल्लमचं शाकाहारी भावंड म्हणजे गोबी मुसल्लम. मुसल्लम म्हणजे अख्खं. अख्खा गड्डा मलईदार रश्श्यात. पाहुणे आले की करावी अशी ही भाजी, आणि नीट केली तर मधुमेही पाहुण्यालाही वाढता येते.

चौघांसाठी साधारण ६०० ग्रॅमचा घट्ट गड्डा घ्या. देठ सपाट कापून त्यावर खोल फुली मारा, म्हणजे वाफ आतपर्यंत जाते. कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पालथा बुडवा. अळ्या असतील तर बाहेर येतात. मीठ-हळदीच्या पाण्याचं काम इथे संपतं. कृमीची अंडी त्याने मरतील असा भरवसा धरू नका, म्हणून नंतर वाहत्या नळाखाली धुवा. मग उकळत्या पाण्यात झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. सुरी मधोमध सहज शिरली पाहिजे. जास्त उकळलात तर गड्डा विस्कटतो आणि क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं. कच्च्या फ्लॉवरच्या १०० ग्रॅममध्ये ते ४५ ते ५० मिलिग्रॅम असतं.

खरा प्रश्न मलईचा आहे. हॉटेलात गड्डा आधी तळतात, वर क्रीम आणि बटर. १०० मिलिलिटर क्रीम आणि ५० ग्रॅम बटर धरलं, तर त्यांतूनच सुमारे ६५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ जातात, म्हणजे जवळपास ६०० कॅलरी, आणि त्यातला मोठा वाटा संपृक्त चरबीचा. अख्ख्या गड्ड्याच्या कॅलरी १५०. बायपास झालेले गृहस्थ ‘‘मी तर फक्त फ्लॉवरची भाजी खाल्ली’’ म्हणतात, ते अशा वेळी अर्धसत्य असतं.

घरी दोन टेबलस्पून तेलात तमालपत्र, वेलची, लवंग, दालचिनी टाकून दोन कांदे मऊ परता. आलं-लसूण, एक टोमॅटो, भिजवलेले पंधरा-वीस काजू घालून गार झाल्यावर तमालपत्र काढून बारीक वाटा. परत कढईत घेऊन तिखट, धणेपूड, हळद. आच मंद करून अर्धी वाटी दही, त्यात चमचाभर बेसन घोटून, हळूहळू घाला. बेसनामुळे दही फाटत नाही. रस्सा दाट, मऊ होतो, क्रीमची आठवणही येत नाही. काजूतही चरबी आहेच, पण बहुतांश असंपृक्त. मूठभर आणखी टाकायचा मोह मात्र आवरा. गड्डा रश्श्यात बसवून, वरून पळीने रस्सा सोडत, झाकून बारा-पंधरा मिनिटं शिजवा. शेवटी कसुरी मेथी. मीठ बेतानेच, कारण उकळताना गड्ड्याने थोडं घेतलेलं असतं.

थायरॉइडचे रुग्ण फ्लॉवर दिसला की ताट सरकवतात. त्याची गरज नाही. थायरॉइडला अडथळा करणारे पदार्थ तयार करणारं एन्झाइम शिजवताना निकामी होतं, आणि आपण आयोडीनयुक्त मीठ खातो. गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्या आणि रात्री खुशाल जेवा. किडनीच्या रुग्णांचं वेगळं. त्यांना पोटॅशियम सांभाळायचं असेल तर काजू-टोमॅटो वगळून, उकळलेलं पाणी फेकून, आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच. ज्यांना फ्लॉवरने पोट फुगतं त्यांना हिंगानेही फुगणारच, कारण त्यातली मॅनिटॉल नावाची शर्करा हिंगाने जात नाही. त्यांनी दोन तुऱ्यांवर थांबावं.

एवढं सगळं शिजवून झाल्यावर आपण वरून कच्ची कोथिंबीर भुरभुरतो. साऱ्या पाककृतीत धोका कुठे असेल तर तो तिथे. काडी काडी सुटी करून तीन पाण्यांनी धुवा, किंवा उतरवण्याआधी रश्श्यात घालून एक उकळी येऊ द्या. आणि ती चिरणाऱ्याची नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले आहेत ना, हे बघा.