अंगणातल्या पाखरांशी ओळख

गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडे अंगणाची साफसफाई चालू होती. जास्वंदीच्या खालच्या फांदीला काड्या, वाळकी पाने आणि कोळ्याचे जाळे यांचा वीतभर गुंता लोंबत होता. कचरा समजून अम्मींनी झाडू उचलला, इतक्यात त्यातून एक बारीक, बाकदार चोच बाहेर आली. ते शिंजिराचे घरटे होते!

कारंज्यात आमचे आयुष्य गेले, पण अंगणात येणारे प्रत्येक लहान पाखरू आमच्या लेखी चिमणीच होते. त्या दिवसापासून आम्ही ओसरीत बसून, घरट्याला हात न लावता, नीट पाहू लागलो. घरट्यात बसणारी पाठीवर मातकट, पोटाशी पिवळसर. तारेवर गाणारा मात्र सावलीत काळाकुट्ट आणि उन्हात जांभळा-निळा चमकणारा. आम्ही त्यांना दोन वेगळे पक्षी समजलो होतो. प्रत्यक्षात ती एकच जोडी. विणीचा हंगाम सरला की नराचाही रंग उतरतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. म्हणजे नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही. चोच, शेपटी, बसण्याची ढब आणि आवाजही पाहावा लागतो.

शेपटी उभारून बसणारा काळा-पांढरा दयाळ उन्हाळ्यात फजरच्या सुमारास गोड शीळ घालतो. त्याची मादी काळ्याऐवजी राखाडी असते. पाने शिवून घरटे करणारा शिंपी तांबूस टोपीवरून ओळखावा. पिवळाधमक हळद्या दाट पानांत लपतो, म्हणून आधी त्याची शीळ ऐकू येते. डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीखाली लाल डाग असेल, तर तो लालबुड्या बुलबुल.

या बुलबुलाने वर्गात मोठी गंमत केली. उर्दू गझलेतला बुलबुल तो हाच, असे मुलांना वाटायचे. खरे तर फारसी शायरीतून आलेला तो पक्षी वेगळा. इंग्रजीत त्याला नाइटिंगेल म्हणतात. नाव एक, पाखरे दोन!

डॉ. सालिम अली यांची सुरुवातही अशाच एका प्रश्नाने झाली. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईतला. आईवडील लवकर गेल्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सांभाळले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खावी की नाही, असा पेच पडला. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. त्या एका चिमणीने त्यांना पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळवले आणि १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले.

१२ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस, तर ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्ली यांचा. या दोन तारखांमधले दिवस महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. यंदा मुलांना एक वही द्या. तारीख, वेळ, झाड, चोच, शेपटी, आवाज एवढे लिहू द्या. नाव नंतर शोधता येते. उन्हाळ्यात सावलीला पाण्याचे उथळ मातीचे भांडे ठेवा आणि ते रोज धुवा.

आमच्या जास्वंदीवरून दोन पिल्ले उडाली. अम्मी आता झाडू मारण्याआधी फांद्या पाहून घेतात.