संगणक द्या, त्यातली माणसे देऊ नका!

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सेवा बंद केली. तेव्हापासून शहरातील कार्यालये, संस्था आणि नोकरदार समाजबांधव चालू स्थितीतले संगणक बदलू लागले आहेत. जुने संगणक खेड्यातील अभ्यासिकांना द्यावेत ही भावना स्तुत्यच आहे. भोकरदन तालुक्यातील हसनाबादच्या मुलांसाठी असे संगणक गोळा करण्याचा प्रयत्न आम्हीही चालवला आहे. परंतु आलेल्यांपैकी एक संगणक एका सेवा केंद्रातला होता. मालकाने सर्व फाइली डिलीट करून रिसायकल बिनही रिकामा केला होता. आमच्या कार्यकर्त्यांनी तपासणीसाठी फुकट मिळणारे एक सॉफ्टवेअर लावले, तर जातीचे दाखले, आधार कार्डे, पासबुके आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भराभर परत आले! मालकाला कळवून आम्ही ती डिस्क पूर्ण पुसून घेतली.

हे कसे घडते? सातबाऱ्यावरून नाव कमी केले म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही. डिलीटचेही तसेच आहे. संगणक फक्त फाइलीची नोंद काढतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तिथेच राहतो. 'क्विक फॉरमॅट'नेही यापेक्षा फारसे काही साधत नाही. अमेरिकेतील एमआयटीचे सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या. हा अभ्यास २००३ चा आहे. त्यानंतर लोक शहाणे झाले म्हणावे, तर २०२२ मध्ये मॉर्गन स्टॅन्ले या बड्या वित्तसंस्थेला, जुन्या डिस्कची विल्हेवाट नीट न लावून सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती धोक्यात आणल्याच्या आरोपावरून, साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला.

मुंबईत विकलेली डिस्क ज्याच्या हाती पडते, त्याला त्यातले नाव बहुधा अनोळखी असते. हसनाबादसारख्या गावात तसे नाही. पुढचा मालक त्या माणसाला ओळखतो, त्याचे घर ओळखतो. आम्ही ॲट्रॉसिटीचे खटले चालवतो. फिर्यादीचे शपथपत्र, साक्षीदाराचा फोन नंबर, एखाद्या पीडित मुलीचा वैद्यकीय अहवाल हे सारे वकिलाच्या संगणकात असते, आणि आरोपी व साक्षीदार अनेकदा एकाच गल्लीत राहतात. तिथे पुसून न काढलेली डिस्क म्हणजे साक्षीदाराचा पत्ता आरोपीच्या हाती देणेच होय. पुण्यात भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या मुलीने जात सांगावी की न सांगावी, हा तिचा अधिकार आहे. तो निर्णय भंगारवाल्याच्या हातात का जावा?

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. परंतु संवेदनशील माहिती कोणती, हे ठरवणाऱ्या २०११ च्या नियमांत पासवर्ड आले, बँकेचा तपशील आला, आरोग्य आले, बोटांचे ठसे आले. जात मात्र आली नाही! न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात 'जात वा जमात' हे शब्द होते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला तेव्हा संवेदनशील माहितीचा वर्गच काढून टाकण्यात आला. ज्या देशात जात कळली की माणसाचे घर, नोकरी आणि कधी जीवही धोक्यात येतो, त्या देशाच्या कायद्याला जात ही जपून ठेवण्यासारखी गोष्ट वाटू नये, याला काय म्हणावे? काम संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन या कायद्यात आहे. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली. घरगुती वापराला तर हा कायदा लागूच नाही. म्हणजे तूर्त जबाबदारी देणाऱ्याचीच.

काम अवघड नाही. हवे ते दुसरीकडे उतरवून घ्यावे, सर्व खात्यांतून बाहेर पडावे. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये 'रिसेट धिस पीसी', 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि त्यातच 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करावा. हा शेवटचा पर्याय लोक हमखास विसरतात. त्याला काही तास लागतात, लागू द्यावेत. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सर्वत्र एकदा नवे लिहिले तरी पुरते. एसएसडीला त्यावर विसंबू नये. कंपनीने दिलेली 'सिक्युअर इरेज'ची सोय वापरावी. डिस्क बिघडलेली असेल तर ती काढून, फोडूनच ई-कचऱ्यात द्यावी. वकील बंधूंनी तर सरळ डिस्क काढून ठेवावी आणि संगणक तेवढा द्यावा.

मात्र खटला चालू असेल तर त्यातले काहीही पुसू नका. न्यायालयात सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. शिवाय अत्याचाराच्या प्रकरणात तोच आपला पुरावा असतो.

हसनाबादसाठी संगणक देणाऱ्यांना आमची विनंती आहे, की डिस्क कशी पुसली आणि कोणी पुसली, एवढे दोन ओळींत लिहून संगणकासोबत द्यावे. चिठ्ठी नसेल तर आमचे कार्यकर्ते डिस्क देणाऱ्याच्या समोर काढून त्यालाच परत देतील.