शेवटच्या लोकलच्या हिशोबाने

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. पण ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत पदवी घेणाऱ्या मुलाला विद्यापीठाबद्दल विचारलं, तर तो हॉलतिकीट आणि निकालाची वेबसाइट सांगेल. विद्यापीठाचं कालिना संकुल त्याने क्वचितच पाहिलेलं असतं. त्याचं विश्व म्हणजे कॉलेज. ठाण्याचं जोशी-बेडेकर, बांदोडकर किंवा ज्ञानसाधना, कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर किंवा मॉडेल. नाटकाचा ग्रुपही त्या कॉलेजचाच. विद्यापीठाची गाठ पडते ती वर्षातून एकदा, युवा महोत्सवात.

हा महोत्सव विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग भरवतो. विद्यापीठाचं क्षेत्र पार सिंधुदुर्गापर्यंत, म्हणून प्राथमिक फेऱ्या विभागवार होतात. एकांकिका, स्किट, माइम, एकपात्री, समूहगान, लोकनृत्य, वक्तृत्व, रांगोळी अशी मोठी यादी असते. जिंकणाऱ्यांसाठी पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' महोत्सव आहे, तो २००३ पासूनचा. शिवाय भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय आणि राष्ट्रीय फेऱ्या. तिथले नियम कडक: माइमला पाच मिनिटं आणि सहा कलाकार, स्किटला दहा मिनिटं, लोकनृत्यात दहा नर्तक, वय पंचविशीच्या आत. माइमवाल्यांना या बंधनाने शिस्त लावली. स्किटवाल्यांना मात्र दहा मिनिटांत भ्रष्टाचार, पर्यावरण आणि स्त्रीमुक्ती एकदमच कोंबायची खोड लागली, असं माझं मत आहे.

खरा जीव अडकलेला असतो तो एकांकिकेत. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासूनचा. मुंबईकडच्या मुलांच्या तोंडी आयएनटी आणि 'सवाई' या स्पर्धांची नावं. सवाई एकांकिका स्पर्धा चतुरंग प्रतिष्ठानची. वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका त्यात उतरतात आणि २५ जानेवारीच्या रात्री सुरू झालेला खेळ प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालतो. २०१४ मध्ये 'लोकसत्ता'ची लोकांकिका स्पर्धा आली. तिच्यात ठाणे हा स्वतंत्र विभाग आहे, ही मोठी सोय. कारण इथल्या ग्रुपचा सगळ्यात मोठा खर्च पैशांचा नसतो, अंतराचा असतो.

कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. नट लोकलने जातील, पण सेटचे फ्लॅट आणि लेव्हल्स टेम्पोनेच न्याव्या लागतात, आणि टेम्पो मुंब्रा बायपासला अडकला की सेट लावायचा वेळ हातचा जातो. म्हणून सेट लावण्याचीही तालीम करावी लागते, घड्याळ लावून. ही जबाबदारी बॅकस्टेजवाल्यांची. स्मरणिकेत त्यांची नावं शेवटी, बारीक टायपात. माझ्या मते ग्रुप टिकतो तो यांच्यामुळे. मुख्य भूमिका करणारा तिसऱ्या वर्षानंतर निघून जातो. कोणता स्पॉट कुठे मारायचा, काळा पडदा कुणाकडून भाड्याने आणायचा, हे ज्ञान मात्र वर्षानुवर्षं हस्तांतरित होत राहतं.

तालमीला जागा हा कायमचा प्रश्न. लेक्चर संपल्यावर वर्गातले बाक भिंतीला लावायचे, शिपाईकाकांनी कुलूप लावलं की पार्किंगमध्ये जायचं, पावसात जिन्याखाली. कुणी कर्जतला राहतं, कुणी टिटवाळ्याला, कुणी शहापूरला. तालीम शेवटच्या लोकलच्या हिशोबाने आखावी लागते. मुलींच्या घरच्यांना तर रोज नव्याने पटवावं लागतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने पहिल्या वर्षाच्या मुलीच्या आईला फोनवर 'काकू, मी स्वतः सोडतो तिला' म्हणणं, हे इथल्या नाट्यसंस्कृतीचं एक अलिखित काम आहे.

अलीकडे बाहेरचा अनुभवी दिग्दर्शक आणायची पद्धत रुळली आहे. बक्षिसं वाढतात हे खरं, पण मुलं सांगकामी होतात. कॉलेजचाच माजी विद्यार्थी दिवसा नोकरी करून संध्याकाळी तालमीला येतो, तेव्हा चुका जास्त होतात, पण ग्रुप स्वतःच्या पायावर उभा राहतो.

रंगमंच तसे जवळ आहेत. ठाण्यात मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन १९७८ चं, घोडबंदर रस्त्याकडे काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. पण भाडं भरून तिथे तालीम करणं ग्रुपला झेपत नाही. स्पर्धेच्या दिवशी तिथे पहिली घुमते ती 'आवाज कुणाचा' ही आरोळीच, आणि शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचतो की नाही हे मुलांना तिथेच कळतं.

विद्यापीठाच्या नियमात सांस्कृतिक सहभागासाठी जादा दहा गुणांची तरतूद होती. नव्या शैक्षणिक धोरणात कलेला श्रेयांकही आहेत. चांगलंच आहे. फक्त गुणांसाठी आलेली मुलं पहिल्या पंधरवड्यात गळतात, हेही तितकंच खरं.

दिवाळीच्या सकाळी हा अंक हातात पडेल तेव्हा डोंबिवलीच्या फडके रोडवर नटूनथटून आलेल्यांची गर्दी झालेली असेल, आणि त्या गर्दीत जुन्या ग्रुपची मंडळी पुढच्या संहितेवर वाद घालत उभी असतील. संस्थाचालकांना एकच विनंती: दिवाळीच्या सुट्टीनंतर एक वर्ग रात्री नऊपर्यंत उघडा ठेवा, पंखा आणि दिवा चालू ठेवा, आणि किल्ली एखाद्या शिक्षकाकडे द्या. बाकीचं मुलं बघून घेतील.